दोन्ही हात वर

"ठरावाच्या बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा," असं वकीलसाहेब म्हणाले, आणि माझ्या मायने दोन्ही हात वर केले.

एकटीनेच नाही. तिच्या आजूबाजूला बसलेल्या, गिरणीच्या रिळिंग खात्यातल्या आठ-दहा बायांनीही तेच केलं. दोन्ही हात सरळ वर, कोपरात न वाकवता, पंजे उघडे. महाल भागातल्या एका अरुंद बोळात, तांब्याच्या भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत, आमच्या पक्षाची ती पहिली सभा होती. पुढे टेबल. टेबलामागे तीन खुर्च्या. टेबलाच्या कोपऱ्याशी माझं स्टूल, कारण सभेचं इतिवृत्त मी लिहायची. मग सतरंजीवर गिरणीतले पुरुष. आणि सगळ्यांत मागे, जिन्याच्या दारापाशी, बाया.

पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, एकच हात. एका माणसाला एकच मत."

मायने आधी उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्याकडे.

"कोनता ठेवू, साहेब?"

मग सगळी माडी हसली. बायांनी गडबडीने हात खाली घेतले, दोन्ही. वकीलसाहेबांना पुन्हा सांगावं लागलं, पुन्हा मोजावं लागलं.

मीही हसले. अंगावर पांढरं पातळ, हातात टाक, कॉलेजची दोन वर्षं झालेली. टेबलाजवळचे सगळे हसत होते, म्हणून हसले. मायने ते पाहिलं.

रेवा, निखिल, तुम्ही मला जो छापील कागद पाठवलात तो माझ्या समोर आहे. त्यात आमच्या पक्षाविषयी दोन ओळी आहेत. मध्य प्रांतापुरता एक छोटा डावा पक्ष, थोडीच वर्षं टिकला, मग सभासदांनी एकमताने ठराव करून तो मोठ्या पक्षात विलीन केला. रेवाने खाली पेनने लिहिलं आहे, "आजी, हाच का तुझा पक्ष?"

हो, हाच. पण त्या दोन ओळींतला एक शब्द खोटा आहे. 'एकमताने'. तो शब्द मी लिहिला. माझ्या अक्षरात रजिस्टरात होता. तिथून कुणाच्या पुस्तकात गेला, पुस्तकातून तुमच्या कागदावर आला. तो कसा लिहिला गेला ते क्रमाने सांगते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मला ते जमतं. पण हे मराठीतच लिहिणार आहे. अडलं तर आईकडून वाचून घ्या.

आधी दोन हातांचं सांगते.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. मिशनच्या मुलींच्या शाळेत जात होते. वर्गात पहिली आले त्या दिवशी घरी न जाता सरळ गिरणीच्या गेटवर गेले. मायला सगळ्यांत आधी सांगायचं होतं. भोंगा झाला. पुरुषांचं गेट वेगळं होतं. त्यांच्या खिशांवरून हात फिरवला की त्यांना सोडत. बायांचं गेट बाजूला. ते मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या गेटात गुडघ्याच्याही वर येईल इतकी उंच एक आडवी फळी बसवलेली होती. आमच्याकडच्या बाया तेव्हा नऊवारी लुगडं नेसत, मागे कासोटा. रिळिंग खात्यात सुताच्या लडी करत, आणि त्या लडी कासोट्यात लपवून नेतात असा गिरणीला संशय. म्हणून प्रत्येक बाईने दोन्ही हात वर करायचे आणि फळीवरून पाय उचलून पलीकडे जायचं. हात वर, त्यामुळे काही सावरता येत नाही. पाय वर, त्यामुळे लपवलेलं काही असेल तर पडतं. कुणीतरी फार डोकं लावून शोधलेली युक्ती होती. फळीच्या बाजूला स्टुलावर जमादार बसायचा. पुरुष.

"हात उपर. चल, लांघ."

एकेक बाई. हात वर, पाय वर, पलीकडे. म्हाताऱ्या बायांना फळी उंच पडायची. कुणी अडखळली की जमादार म्हणायचा, "अजून उंच, मावशी. लग्नात नाचताना तर उचलते ना." त्याच्याजवळ उभे असलेले दोघे-तिघे हसायचे. एक पोटुशी बाई होती. तिला त्याने परत बोलावलं आणि पुन्हा ओलांडायला लावलं.

मायची पाळी आली. तिने हात वर केले. पाय उचलला. तेवढ्यात तिला मी दिसले. समोरच उभी होते, हातात निकालाचा कागद. तिने हात खाली घेतले नाहीत. घेता येत नव्हते. पाय पलीकडे टेकवला आणि आली.

 वाटेत मी तिला निकाल सांगितला नाही. पाचपावलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिने विचारलं,

"साळंत हात कसा वर करते तू?"

"एक. उत्तर येत असलं की."

"मंग एकच कर. कोनाच्या म्हनन्यानं दोन करू नको."

म्हणून त्या बायांना कुणी "हात वर" म्हटलं की दोन्ही हात वर जात. रोज, वर्षानुवर्षं, ते शब्द त्यांनी फक्त गेटवर ऐकले होते. सतरंजीवर बसलेल्या पुरुषांना हे माहीत होतं. काहींच्या बायका मागेच बसल्या होत्या. तेही हसले. टेबलाजवळच्यांत हे फक्त मला माहीत होतं.

त्या संध्याकाळी माय भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तू बी हासून राहिली होती."

"सगळे हसले म्हणून."

"हो. सगळेच हासतेत."

आणि पुढची भाकरी घेतली.

वकीलसाहेबांविषयी लिहिते. ते धंतोलीत राहत. भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं घराणं, आजोबा कारकून, वडील वकील, हेही वकील. एकदा तुरुंगात जाऊन आलेले. बोलायला लागले की ऐकत राहावं असं. मोठा पक्ष कामगारांचं ऐकत नाही म्हणून ते त्यातून बाहेर पडले आणि आपल्या प्रांतापुरता, गिरणीतल्या आणि विडीच्या कामगारांचा वेगळा पक्ष काढला. हे त्यांनी मनापासून केलं होतं. ते मी नाकारत नाही. लाल झेंडा रिळिंगच्या बायांनी शिवला. माडीच्या खिडकीबाहेर काठीला बांधला तेव्हा खालचा भांडीवाला दुकान सोडून बघायला आला होता.

त्यांना इंग्रजीत लिहिणारं कुणीतरी हवं होतं. कागद सरकारी कचेरीत जायचे, मुंबईला जायचे. मिशनच्या शाळेतल्या बाईंनी माझं नाव सुचवलं. आम्ही महार. गिरणीतल्या महार बाईची मुलगी पक्षाचं इतिवृत्त इंग्रजीत लिहिते, ही गोष्ट वकीलसाहेब पाहुण्यांना आवर्जून सांगत. मला ते आवडायचं. कच्चं लिहिलेलं मी धंतोलीला त्यांच्या घरी नेऊन रजिस्टरात सुवाच्य उतरवून काढी. ओसरीवर माझ्यासाठी टेबल होतं. उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा भिजवलेला असे. आत येऊ नको असं मला कुणीच कधी म्हटलं नाही. ये, असंही नाही.

"तू सभासद होऊ नकोस," वकीलसाहेब म्हणाले होते. "लेखनिकाने तटस्थ राहायचं."

तेही मला मानाचं वाटलं.

दुसऱ्या की तिसऱ्या सभेत मागण्यांची यादी करायची होती. विणकर खात्यातले गणपतकाका, आमच्याच गल्लीतले, मायला म्हणाले, "गिरजाबाई, बोला ना तुमी. घरी बोलता तसं." माय उठली. पदर सारखा केला.

"आमाले दुसरं काई मांगाचं नाई, साहेब. ती फळी काढा. नाई निघत तं थ्या जमादाराच्या जागी बाई बसवा."

"नक्की," वकीलसाहेब म्हणाले. "ही तर साधी माणुसकीची गोष्ट आहे. लिही गं."

मी लिहिलं. यादीत दुसरी मागणी. त्या रविवारी बाया जिना उतरताना मोठ्याने बोलत होत्या. त्यांच्यातली एकही त्यानंतरची सभा चुकवेना. बाकीच्या मागण्या त्यांना नीट ठाऊकही नव्हत्या. त्या पक्षात आल्या त्या एका फळीसाठी. माझी मायही. तिला अजून काही नको होतं.

पुढच्या उन्हाळ्यात संप झाला. बाया गेटवर सगळ्यांत पुढे बसल्या. संप मिटला तेव्हा काही गोष्टी मिळाल्या, काही नाही. फळी राहिली. पहिल्या दिवशी कामावरून सुटताना जमादार मायला म्हणाला, "काय मावशी, लाल झेंड्यानं फळी नेली नाही का? इथंच आहे बघ. लांघ."

त्यानंतर यादी पुन्हा लिहिली. मी धंतोलीच्या ओसरीवर बसले होते. वकीलसाहेब येरझारा घालत सांगत होते. फळी आता सातव्या जागी आली. आणि ते थांबले.

"'फळी' कागदावर बरं दिसत नाही. वाचणाऱ्याला हसू येईल. 'गेटवरील गैरसोय' असं काहीतरी घाल."

मी घातलं. गैरसोय. पोटुशी बाईने दोनदा पाय उचलणं, ही गैरसोय. माझं इंग्रजी चांगलं होतं, मला लगेच शब्द सापडला. तिसऱ्या वर्षी यादी आणखी आखूड झाली, आणि शेवटी एक ओळ आली, 'इतर किरकोळ बाबी'. फळी त्या ओळीच्या आत होती. ती तिथे आहे हे फक्त मला आणि वकीलसाहेबांना माहीत होतं.

माय मधूनमधून विचारायची.

"फळी हाये ना वं यादीत?"

"आहे."

"हाये ना?"

"आहे, म्हटलं ना."

मी काय करायला हवं होतं, हे तुम्ही विचाराल. मला तेव्हा कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. पण टाक माझ्या हातात होता आणि शब्द त्यांच्या तोंडात होते, आणि त्या ओसरीवरचं टेबल सोडून मला जायला दुसरी जागा नव्हती. एवढंच.

तिसरा उन्हाळा संपता संपता मोठ्या पक्षाकडून निरोप आला. परत या. वकीलसाहेबांना प्रांताच्या राजकारणात चांगली जागा देऊ. मात्र गिरणीशी भांडण आता नको, मागण्यांची यादी तूर्त बाजूला ठेवा, आणि विलीन होण्याचा ठराव एकमताने झालेला हवा. फूट दिसता कामा नये. हे सगळं मी वाचलं, कारण ते पत्र इंग्रजीत होतं आणि त्याचं उत्तर मीच लिहून काढलं.

सभा रविवारी दुपारी भरली. माडी तापलेली. या वेळी रिळिंगच्या बाया कमी होत्या, पाच-सहाच. संपानंतर पुष्कळजणी यायच्या थांबल्या होत्या. वकीलसाहेब तासभर बोलले. सुंदर बोलले. स्वातंत्र्य दाराशी आलं आहे, आता लहान लहान चुली मोडून एक मोठी चूल मांडायची, असं म्हणाले. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. मग मागून आवाज आला.

"आन फळीचं काय, साहेब?"

वकीलसाहेब हसून म्हणाले, "गिरजाबाई, आधी देश. मग फळी."

"देसाले रोज फळी लांघा लागत नाई ना."

कुणी हसलं नाही. गणपतकाकांनी मान खाली घातली. वकीलसाहेबांचा चेहरा क्षणभर उतरला, मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, सगळं एकदम होत नाही. स्वराज्यात तुमचा जमादारही तुमचाच असेल."

"थो आताबी आमच्याच गल्लीतला हाये," माय म्हणाली.

आता मात्र सगळे हसले. तिने ते हसवायला म्हटलं नव्हतं. वकीलसाहेबांनी हशा संपायची वाट न पाहता ठराव मताला टाकला.

"बाजूने?"

सतरंजीवरचे हात वर गेले. गणपतकाकांचाही, छातीपर्यंतच. रिळिंगच्या बाया आपापल्या माणसांकडे पाहत होत्या. मग त्यांचेही गेले, एकेक. तीन वर्षांत त्या एक हात वर करायला शिकल्या होत्या.

"विरुद्ध?"

माय उठून उभी राहिली. तिने दोन्ही हात वर केले. सरळ, कोपरात न वाकवता, पंजे उघडे. गेटवर करायची तसेच. या वेळी तिला एक हात माहीत होता. तिने मुद्दाम दोन केले. आणि ती वकीलसाहेबांकडे बघत तशीच उभी राहिली.

 वकीलसाहेब माझ्याकडे वळले. हलक्या आवाजात, इंग्रजीत म्हणाले, "एकमताने, असं लिही."

"एक विरोध आहे," मीही इंग्रजीतच म्हणाले.

"दोन हात वर आहेत. एक बाजूने, एक विरुद्ध. बाकी शून्य." आणि ते हसले. खुर्चीवरचे बाकीचे दोघेही हसले. "घरी समजावून सांग तिला."

मायला इंग्रजी येत नव्हतं. ती अजून हात वर करून उभी होती. तिला वाटलं, मोजणी चालली आहे.

मी लिहिलं. इंग्रजीत त्याला एकच शब्द लागतो. माझं अक्षर फार सुंदर होतं. टाक कुठेही अडला नाही, थेंब पडला नाही.

घरी जाताना मायचं पाऊल हलकं होतं.

"माया हात लिवला ना वं?"

"हो."

"दोनी?"

"दोन्ही."

ती एकटीच हसली. मग म्हणाली, "बरं झालं. आपन हारलो तं हारलो. पन कागदावर तं आहो. कोनी कवा वाचन तं म्हनन, एक बाई नाई म्हनली होती."

दुसऱ्या दिवसापासून तिने खात्यात सगळ्या बायांना सांगितलं. गेटवर जमादारालाही सांगितलं. "माया हात रजिस्टरात हाये. इंग्रजीत हाये." तो म्हणाला, "मग आता हात उपर कर, इंग्रजीत." तिने केले. फळी ओलांडली. पण मान वर ठेवून ओलांडली, असं तिच्याबरोबरच्या बायांनी मला सांगितलं. त्या कौतुकाने सांगत होत्या. मी ऐकून घेतलं.

तो आठवडा मी कसा काढला ते लिहीत नाही.

पुढच्या रविवारी शेवटची सभा होती. काम एकच. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं, आणि रजिस्टर मोठ्या पक्षाच्या माणसाच्या हवाली करायचं. तो माणूस खुर्चीवर येऊन बसला होता. सभासद थोडेच होते. मला वाटलं होतं, इंग्रजीत भराभर वाचीन, सगळे 'मंजूर' म्हणतील, संपेल.

जिन्यावर पावलं वाजली. माय आली. तिच्यामागे रिळिंगच्या चार बाया, धुतलेली लुगडी नेसून. त्या मायचा हात ऐकायला आल्या होत्या.

मी उभी राहिले. पहिलं वाक्य इंग्रजीत वाचलं.

"मराठीत वाच वं, बाई," माय मागून म्हणाली. "आमाले बी आयकू दे."

वकीलसाहेब म्हणाले, "वाच, वाच. हरकत नाही." त्यांना खरंच हरकत नव्हती.

इंग्रजीत वाचलं असतं तर तिला कधीच कळलं नसतं. मराठीत वाचतानाही मी न लिहिलेलं वाचू शकले असते. 'विरोधात एक, गिरजा, रिळिंग खातं.' ती ते ऐकून घरी गेली असती आणि मरेपर्यंत सुखी राहिली असती. माझ्या ओठांपर्यंत ते आलं होतं. टेबलाजवळचे नंतर माझ्यावर रागावले असते, एवढंच.

मी जे लिहिलं होतं ते वाचलं.

"ठराव एकमताने मंजूर झाला."

बायांनी मायकडे पाहिलं. माय माझ्याकडे पाहत होती. तिला वाटलं, पुढे अजून आहे.

"पुढे काही नाही," मी म्हणाले. "हे खोटं आहे. मायचे दोन्ही हात विरोधात होते. मी पाहिले. मला एकमताने लिही म्हटलं, आणि मी लिहिलं. घरी तिला खोटं सांगितलं. फळीसुद्धा यादीत नाही. ती मीच खोडली."

"खाली बस," वकीलसाहेब म्हणाले. तोवर त्यांनी माझ्यावर कधीच आवाज चढवला नव्हता.

मी बसले नाही.

त्यांनी रजिस्टर माझ्यासमोरून ओढून घेतलं. "मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्याच्या बाजूने?" हात वर गेले. त्यांनी विरुद्ध कोण ते विचारलंच नाही. विचारलं असतं तरी मला मत नव्हतं. मी सभासद नव्हते. मी टाक टेबलावर ठेवला, दौतीचं झाकण लावलं आणि दोन्ही हात वर केले. मागे पाहिलं नाही. माझ्यासारखेच चार बायांचेही दोन्ही हात वर होते, असं गणपतकाकांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. मायचे नव्हते. ती जिना उतरून गेली होती.

मी तिला गांधीबागेच्या अलीकडे गाठलं. बराच वेळ दोघी चाललो.

"साहेबाचं खोटं मले समजते," ती म्हणाली. "थ्याचं काम हाये थे. तू काहून खोटं सांगतलं मले?"

 

मोठ्या पक्षात आमचा पक्ष विरून गेला. वकीलसाहेबांना जागा मिळाली. माडी दुसऱ्या कुणी भाड्याने घेतली, झेंड्याची काठी खिडकीला बरेच दिवस तशीच होती. माय आणखी काही वर्षं गिरणीत राहिली, गुडघे दुखेपर्यंत. फळी तिच्या डोळ्यांसमोर निघाली नाही. कधी निघाली ते मला माहीत नाही. मी गेटकडे गेले नाही.

ती माझ्याशी बोलायची. जेवायला वाढायची, माझ्या लग्नात रडली, तुमच्या बाबांना तिनेच न्हाऊ-माखू घातलं. पण त्या रविवारनंतर तिने माझ्याकडून एकही कागद वाचून घेतला नाही. मामाचं पत्र यायचं, मी घरात असायची, आणि ती पोस्टमनला ओट्यावर बसवून त्याच्याकडून वाचून घ्यायची. मी आतून ऐकायची. ती गेली तोवर हे असंच चाललं.

मी नंतर मुलींच्या शाळेत शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका झाले. तुमचे बाबा सांगतात की आजी फार शिस्तीची. सभेत कुणी 'सर्वानुमते' म्हणालं की मी थांबवायची आणि प्रत्येकीला विचारायची. कंटाळायच्या सगळ्या. एकदा माझ्याच विरोधात एका शिपाईणीचा हात होता, तो मी माझ्या हाताने, तिच्या नावासकट लिहिला. याचं मला काही समाधान नाही. ज्या ठिकाणी लिहायचं होतं तिथे मी लिहिलं नाही.

ज्या पुस्तकात तो शब्द छापला आहे त्याच्या प्रकाशकाला मी चार पत्रं लिहिली. तीन पत्रांना उत्तर नाही. एकाला आलं. मूळ रजिस्टरात तसंच आहे, ते म्हणतात, त्याविरुद्ध काही लेखी पुरावा असल्यास पाठवावा. रजिस्टर खरं, कारण ते लेखी आहे. लेखी आहे, कारण मी लिहिलं. मायजवळ फक्त दोन हात होते.

तेव्हा हा घ्या लेखी पुरावा. पाचवं पत्र म्हणून याचीच एक प्रत त्यांना जाते आहे. सहावं लागलं तर सहावं लिहीन. माझे डोळे गेले तर रेवा, तुला सांगून लिहून घेईन, आणि तू लिहिलेलं मला मराठीत वाचून दाखवशील, शब्दन् शब्द. त्या शेवटच्या सभेचं इतिवृत्त कुठेच नाही, कारण ते लिहिणारी मी होते आणि मी टाक खाली ठेवला होता. ते आता पुरं करते, मागच्या सभेची नोंद दुरुस्त करून.

पक्ष विलीन करण्याचा ठराव बहुमताने मंजूर. एकमताने नाही. विरोधात एक. गिरजा, रिळिंग खातं. दोन्ही हात वर.

हे कायम करायला मी कुणाच्या हाताची वाट पाहणार नाही.